डोंगरवेड्या कुटुंबाने घर कोठे करावे?

गेल्या महिन्यात जबलपूरच्या एका भगिनींचे पत्र आमच्या मेजावर आले. पत्र साधे होते. त्यातील प्रश्न मात्र तितका साधा नव्हता. त्यांच्या यजमानांची बदली व्हावयाची आहे आणि कार्यालयाने दोन गावांतून एक निवडण्याची मुभा दिली आहे : डेहराडून किंवा पुणे. पतिपत्नी दोघांनाही गिरिभ्रमणाचा छंद आहे. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची; दोघेही भिंत दिसली की तीवर चढू पाहणारी. घरात सासूबाई आहेत व त्यांना दम्याचा विकार आहे. ‘हिमालयाच्या पायथ्याशी राहण्याची संधी पुन्हा येईल का?’ असे त्या विचारतात, आणि लगेच पुढच्या ओळीत लिहितात, ‘पण सासूबाईंचे काय?’

वाचकहो, हा प्रश्न एकट्या त्या भगिनींचा नाही. नोकरीच्या निमित्ताने देशभर विखुरलेल्या अनेक कुटुंबांत डोंगराचे वेड असते. बदलीचा हुकूम आला, सेवानिवृत्ती जवळ आली, की नकाशा उघडला जातो आणि बोट आपोआप उत्तरेकडे, हिमरेषेकडे सरकू लागते. ते बोट जेथे थांबेल तेथे घर करावे काय? त्याचा थोडा शांतपणे विचार करू या.

शिखर जवळ, वाट दूर

प्रथम एका अशा पुरुषाची गोष्ट आठवू या, ज्याने पर्वतासाठीच गाव बदलले. तेनसिंग नोर्गे यांचे बालपण नेपाळातील खुंबूच्या खोऱ्यात गेले. जगातील सर्वोच्च शिखराला याहून जवळची वस्ती क्वचितच सापडेल. तरीही ऐन तारुण्यात त्यांनी ते खोरे सोडले आणि शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दार्जिलिंगात येऊन बिऱ्हाड केले. एव्हरेस्टवर जाण्याची इच्छा असणारा तरुण एव्हरेस्टपासून दूर का गेला?

कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळी परदेशी गिर्यारोहकांना नेपाळची दारे बंद होती. एव्हरेस्टच्या मोहिमा दार्जिलिंगहून निघत व तिबेटातून वळसा घेऊन शिखराच्या उत्तरेस पोहोचत. सामान वाहणाऱ्यांची व साहाय्यकांची निवड दार्जिलिंगातच होई. म्हणजे शिखर खुंबूजवळ होते, पण शिखराकडे जाणारी वाट दार्जिलिंगातून जात होती. तेथे राहिल्यामुळेच १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या तुकडीत तेनसिंग यांना प्रथम प्रवेश मिळाला, आणि अठरा वर्षांनी, २९ मे १९५३ रोजी, एडमंड हिलरी यांच्यासमवेत ते माथ्यावर उभे राहिले. पुढच्याच वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली व प्रत्यक्ष प्रशिक्षणाची धुरा तेनसिंग यांच्याकडे आली.

दुसरे उदाहरण डेहराडूनचेच आहे. तेथील डून स्कूलमध्ये जॉन मार्टिन, जॅक गिब्सन, होल्ड्सवर्थ यांच्यासारखे पर्वतप्रेमी शिक्षक होते. पुढे गुरदयाल सिंग हेही त्याच शाळेत शिकवू लागले. १९५१ साली त्यांनी ७,१२० मीटर उंचीच्या त्रिशूल शिखरावर मोहीम नेली व स्वतः शिखर गाठले. भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासाचा आरंभ पुष्कळदा या मोहिमेपासून धरला जातो. हे शिक्षक काही हिमनदीच्या काठी झोपडी बांधून राहिले नव्हते. त्यांच्यापाशी तीन गोष्टी होत्या : निर्वाह चालविणारी नोकरी, शाळेची दीर्घ सुटी आणि एकाच ओढीचे सहकारी. डेहराडूनने त्यांना पर्वत दिला तो या तिन्ही गोष्टींच्या जोडीने.

या दोन्ही कथांचा बोध एकच आहे. पर्वत नकाशावर किती जवळ आहे हे फारसे महत्त्वाचे नाही. आपला निर्वाह, आपली सुटी आणि आपली सोबत यांतून त्याच्याकडे वाट जाते की नाही, हे महत्त्वाचे.

सज्जातून दिसणारे हिमशिखर

माझा एक मित्र मुंबईस असताना दर पंधरवड्याला पहाटेच्या लोकलगाडीने कर्जत किंवा कसारा गाठी, दिवसभर एखादा किल्ला पायाखाली घाली आणि रात्रीच्या जेवणाला घरी परते. पुढे त्याला हिमालयातील एका थंड हवेच्या ठिकाणी चांगली नोकरी मिळाली. त्याच्या सज्जातून बर्फाच्छादित शिखरे दिसत. आम्हा मित्रांना त्याचा मनस्वी हेवा वाटला.

तीन वर्षांनी तो भेटला तेव्हा त्याचे शरीर सुटले होते. चढाईचे विचारताच तो ओशाळून हसला. ‘पहिल्या वर्षी चार वेळा गेलो. गेल्या वर्षी एकदाही नाही.’ कारणे ऐकून मी चकित झालो. उन्हाळ्यात प्रवाशांची झुंबड उडे आणि रस्त्यावर मोटारींची रांग लागे. त्याचा व्यवसाय पाहुण्यांचा, तेव्हा सुटीचा दिवस हाच त्याचा सर्वांत कष्टाचा दिवस. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होत. हिवाळ्यात पाच वाजता काळोख पडे. आणि सज्जातून हात लांबवला तर स्पर्श होईल असे वाटणाऱ्या त्या शिखराच्या पायथ्यापर्यंतच चार दिवसांची चाल होती! ‘पण खरे सांगू का,’ तो शेवटी म्हणाला, ‘दोराचे दुसरे टोक धरायला माणूसच नाही.’

त्याची कथा येथे संपत नाही, हे सुदैव. पुढल्या वर्षी त्याच गावातील दोन शिक्षकांशी त्याचा परिचय झाला. बाजारामागे अर्ध्या तासाच्या चालीवर वीस-पंचवीस मीटर उंचीचा एक खडक आहे. मंगळवारी, म्हणजे त्याच्या सुटीच्या दिवशी, शाळा सुटल्यावर तिघे तेथे जाऊ लागले. सज्जातील हिमशिखराने जे दिले नाही, ते त्या बिनानावाच्या खडकाने दिले. आज तो पुन्हा पूर्वीसारखा काटक दिसतो.

रविवारचे माप

या अनुभवावरून मी एक साधे माप सुचवितो. घर निवडताना किलोमीटर मोजू नयेत, रविवार मोजावेत. सकाळी घर सोडून, चार-पाच तास डोंगरात घालवून, रात्री मुले वेळेवर झोपतील अशा बेताने परतता येईल, असा डोंगर कोठे आहे? आणि वर्षातील किती रविवारी ते जमेल?

हे माप लावले म्हणजे भारताचा नकाशा निराळाच दिसू लागतो. पुण्याहून सिंहगड सुमारे तीस किलोमीटर. लोणावळा-खंडाळ्याकडे नागफणीचा कडा आणि पलीकडे तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती आहेत. नाशिककराला अंजनेरी व ब्रह्मगिरी अगदी अंगणात, आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरचे कळसूबाई, एका दिवसाच्या पल्ल्यात. मुंबईला समुद्राचे शहर म्हणतात खरे. पण कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाड्यांनी तिला डोंगराचेही शहर केले आहे. गिरिविहार ही गिर्यारोहकांची जुनी संस्था मुंबईतच १९५४ साली स्थापन झाली, हा काही योगायोग नव्हे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनीही निराश होण्याचे कारण नाही. बंगळूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगरचे ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. ‘शोले’ चित्रपटामुळे ते साऱ्या देशाने पाहिले. पण प्रस्तरारोहकांना ते वेगळ्या कारणाने प्रिय आहेत. जवळच सावनदुर्गाची प्रचंड शिळा आहे. हैदराबादेत तर गोल, गुळगुळीत शिळा शहराच्या वस्तीतच विखुरल्या आहेत. बडोदेकरांना पावागड जवळ. दिल्लीच्या दक्षिणेस अरवलीचे खडक आहेत, शहरात भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानची कृत्रिम भिंत आहे आणि रात्रीच्या आगगाडीत बसले की सकाळी काठगोदामला हिमालयाच्या पायरीशी उतरता येते. ज्या शहरात आपण पोटासाठी आलो, त्याच्याच आसपास डोंगर असतो; पुष्कळदा तो आपण शोधलेला नसतो, इतकेच.

ऋतूंचा हिशेब

रविवार मोजताना ऋतूंचा हिशेब चुकवू नये. एखादे गाव सुटीत पाहून त्यावर भाळणे म्हणजे लग्नाच्या मांडवात पाहिलेल्या चेहऱ्यावरून स्वभाव ठरविण्यासारखे आहे.

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर हा काळ पायी भटकण्यास रमणीय. परंतु कातळ निसरडा होतो व त्या दिवसांत प्रस्तरारोहण टाळणेच शहाणपणाचे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चढाईचा खरा हंगाम. मार्चपासून काळा कातळ तापू लागतो आणि किल्ल्यांवरील टाक्यांचे पाणी आटते. शिवाय हा खडक अग्निजन्य असून जागोजागी ठिसूळ आहे. सुटे दगड निखळतात, म्हणून डोक्यावर शिरस्त्राण हवेच. कड्यांवर आग्या मोहोळे असतात; तेथे आरडाओरडा, धूर व उग्र अत्तरे यांना थारा नसावा.

हिमालयाच्या पायथ्याशी एप्रिल-मे आणि पावसाळा ओसरल्यानंतरचे दीड-दोन महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरातील रस्ते केव्हा बंद पडतील याचा नेम नसतो. दार्जिलिंगात पावसाळ्याचे धुके आठवडेच्या आठवडे हटत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे विमानाने उतरणाऱ्याला पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावीच लागते, आणि तेथील हिवाळा काढणे हे स्वतंत्र व्रतच म्हणावयाचे. आपल्या गावाचे बारा महिने कागदावर मांडा आणि प्रत्येक महिन्यापुढे डोंगरात घालविता येतील असे रविवार लिहा. बेरीज पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल.

सोबत आणि शिक्षण

गिर्यारोहण पुस्तकावरून शिकण्याची विद्या नव्हे. गाठ योग्य बसली की नाही हे दुसऱ्याने तपासावे लागते. वरचा घसरला तर खालच्याने दोर आवळावा लागतो. म्हणून नव्या गावी जाण्यापूर्वी तेथे गिर्यारोहकांचे मंडळ आहे काय, ते नवशिक्यांना व मुलांना शिकविते काय, हे आधी विचारावे. डोंगराच्या अंतरापेक्षा हे उत्तर अधिक मोलाचे आहे.

मोठ्या प्रशिक्षण संस्थांजवळ घर असण्याची मात्र गरज नाही. दार्जिलिंगची संस्था, मनालीची १९६१ साली सुरू झालेली संस्था, उत्तरकाशीची १९६५ सालची नेहरू गिर्यारोहण संस्था येथील मूलभूत शिक्षणक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो. देशाच्या कोणत्याही टोकाचा तरुण वा तरुणी रजा घेऊन तो पूर्ण करू शकते. २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल उत्तरकाशीच्याच परिसरातील, हे खरे. परंतु त्याच संस्थेत समुद्रकाठची माणसेही शिकतात आणि परत जाऊन आपल्या गावच्या कड्यावर ती विद्या जिवंत ठेवतात.

मुलांसाठी तर आता आणखी एक वाट उघडली आहे. कृत्रिम भिंतीवरील चढाईला टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, प्रथमच स्थान मिळाले. त्यापूर्वी २०१६ साली या खेळाच्या विश्वचषक मालिकेतील एक स्पर्धा नवी मुंबईत झाली होती. अशी भिंत शाळेच्या वाटेवर असेल, तर पावसाळ्याचे चार महिनेही वाया जात नाहीत.

घराखालची जमीन

एवढे सारे पाहूनही ज्यांचे मन डोंगरातल्याच घरावर बसेल, त्यांनी शिखराकडे पाहण्यापूर्वी पायाखाली पाहावे. हे सांगताना लेखणी जड होते. पण सांगितलेच पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. त्या गडाचा सुळका चढण्यासाठी जाणाऱ्या कित्येकांनी याच वाडीत पाणी प्यायले होते. जानेवारी २०२३ मध्ये हिमालयातील जोशीमठात शेकडो घरांना तडे गेले व कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. ते नगर जुन्या दरडीच्या मलब्यावर वसले असल्याचा इशारा एका समितीने १९७६ सालीच दिला होता.

म्हणून घर पाहावयास जाल तेव्हा काही खुणा अवश्य शोधा. उतारावरील झाडे एकाच दिशेला कलली आहेत काय? भिंतींना तिरपे तडे आहेत काय? दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या आहेत काय? घरामागचा डोंगर उभा कापून तो तसाच उघडा सोडला आहे काय? घर जुन्या ओढ्याच्या पात्रात तर बांधलेले नाही ना? भर पावसात उताराला नवे झरे फुटून गढूळ पाणी वाहू लागले, तर सामानाचा मोह न धरता ती जागा तत्काळ सोडावी. या गोष्टी घर विकणारा सांगत नसतो. शेजारची म्हातारी माणसे सांगतात. त्यांच्या ओट्यावर घटकाभर बसावे.

जमीन विकत घेण्याचे नियमही राज्याराज्यांत भिन्न आहेत. उदाहरणार्थ, हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्यानुसार तेथील शेतकरी नसलेल्या माणसाला शासनाच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. हा नियम जाचक वाटण्याचे कारण नाही. ज्यांचा डोंगर, त्यांची शेती त्यांच्या हाती राहावी हा त्यातील हेतू आहे. पाण्याचीही चौकशी करावी. २०१८ च्या उन्हाळ्यात सिमल्याच्या नागरिकांना पाण्यासाठी रांगा लावाव्या लागल्या होत्या. आपले घर म्हणजे त्या झऱ्यावर आणखी एक घागर, हे विसरू नये. मनुष्येतर रहिवाशांचाही मान राखावा. रामनगरच्या एका डोंगरावर गिधाडांची घरटी आहेत व तो भाग संरक्षित आहे. तेथे दोर टाकण्याचा हट्ट धरू नये.

थोडक्यात, प्रथम घर भाड्याने घ्यावे, एक पावसाळा व एक हिवाळा तेथे काढावा, आणि मगच कायमचा निर्णय करावा.

जबलपूरच्या भगिनींस

आता मूळ पत्राकडे वळू. भगिनी, तुमच्या दोन्ही गावांना रविवारचे माप लावून पाहा. डेहराडूनहून मसुरी सुमारे पस्तीस किलोमीटर. तेथल्या धारेवरून दिवसभराची सुंदर भटकंती होते. दोन-तीन दिवसांची सुटी जोडून आली तर खऱ्या हिमालयात प्रवेश करता येतो. तुमच्या दोघांच्या मनात लांब पायवाटा व बर्फ असेल आणि यजमानांना अशा सलग सुट्या मिळणार असतील, तर डेहराडून निवडण्यात चूक नाही. परंतु मुलांना दोर, कातळ व समवयस्क सोबती यांच्यासह ही विद्या आठवड्यामागून आठवड्याला शिकावयाची असेल, तर माझा कौल पुण्याला आहे. हिमालय कोठे जात नाही. वर्षातून एकदा रजा घेऊन तुम्ही त्याच्याकडे जाल, आणि मुले मोठी झाली की उत्तरकाशीस शिकावयास जातील. तयारीचे पाय मात्र घरच्या डोंगरावरच घडतात.

आणि सासूबाई? त्यांचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी घातला आहे. तो आरंभी आणावा, असे मला वाटते. दम्याच्या रुग्णाला कोणती हवा मानवेल, हे सर्वांना सरसकट सांगता येत नाही. कोणाला थंडी बाधते, कोणाला धूळ. त्यांच्या डॉक्टरांना दोन्ही गावांची नावे सांगून सल्ला घ्या. घरापासून रुग्णालय किती अंतरावर आहे ते पाहा. शक्य झाल्यास या हिवाळ्यात त्यांना दोन्ही ठिकाणी काही दिवस राहवून आणा, आणि त्यांचे मत त्यांच्याच तोंडून ऐका.

शेवटी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. सिंहगडावर चढणीची पायवाट आहे, तशीच मोटारीची वाटही आहे. रविवारी सकाळी तुम्ही दोघे मुलांना घेऊन पायथ्यापासून चढावे आणि सासूबाईंनी मोटारीने वर यावे. माथ्यावर झुणका-भाकरी मिळते, मडक्यातले दही मिळते. घामाघूम नातवंडे वर पोहोचतील तेव्हा आजी दह्याचे मडके राखून बसलेली असेल. घरातील एकही माणूस मागे न ठेवता जेथे जाता येते, तो डोंगर उंचीने कितीही लहान असो, त्याच्याजवळ घर करावे.